इमारत वेगळी, आरोग्य वेगळं

मेश्राम काकांकडे कुठलीही अडचण घेऊन जा, बसा म्हणायच्या आधी ते एकच प्रश्न विचारतात, "इमारत की आरोग्य?" उत्तर इमारत असेल तर खुर्ची मिळते. आरोग्य असेल तर ते नुसतं बोटानं स्वयंपाकघराचं दार दाखवतात. तिथं शालिनी काकू असतात.

आमची ओळखच मुळी अशी झाली. आयसेलिनला घर घेऊन आम्ही राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात बेसमेंटच्या कोपऱ्यात ओल दिसली. शेजारचे काका मराठी आहेत, टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बिल्डिंग डिपार्टमेंटमधून रिटायर झालेत, एवढं कळल्यावर मी तडक त्यांच्या गराजपाशी गेले. काका आत फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक करत होते. मी सांगायला लागले, की ओल आली आहे, भिंतीवर काळी बुरशी धरली आहे, त्यामुळे मुलाची सर्दी हटत नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ओल माझ्याकडे," ते म्हणाले. "बुरशी आणि सर्दी आत सांगा. एका दमात दोन खात्यांचं सांगायचं नाही."

मग ओलीबद्दल ते भरभरून बोलले. छपराचं पाणी कुठे पडतं, अंगणाचा उतार कुठल्या बाजूला आहे, आधीच्या मालकानं काय आळस केला असेल, सगळं त्यांनी बसल्या जागेवरून ओळखलं. बुरशीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यासाठी मला घराला वळसा घालून मागच्या दारानं जावं लागलं. काकूंनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांनी पाठवलं ना? ये, चहा टाकते." मी पुण्याची आहे, तऱ्हेवाईक माणसं बघतच मोठी झाले आहे. पण एकाच घरात दोन खिडक्यांची कचेरी मी कधी पाहिली नव्हती.

काका मूळचे नागपूरचे. तरुणपणी इथल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करायला आले. विषय होता, इंग्रजांच्या ताब्यातल्या हाँगकाँगमध्ये बांधकामाचा कायदा सार्वजनिक आरोग्याच्या नियमांपासून वेगळा कसा झाला. नागपूरच्या मुलाला हा विषय कुठून सुचला असं मी एकदा विचारलं. तेव्हा म्हणाले, "लायब्ररीत गेलो तर सगळ्या चांगल्या विषयांवर आधीच कोणी ना कोणी बसलेलं होतं ना बाप्पा."

तो इतिहास आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे, कारण घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या कुठल्याही पॉटलकला जेवणं झाली की काका तो सांगतात. हाँगकाँगात प्लेग आला. घाबरलेल्या सरकारनं घर आणि रोगराई दोन्ही एकाच कायद्यात कोंबली. मग भिंत केवढी जाड हवी हे सॅनिटरीवाले सांगायला लागले, आणि उंदीर कुठून येतात हे इंजिनियर सांगायला लागले. कोणी कोणाचं ऐकेना. शेवटी पुष्कळ वर्षांनी सरकारला शहाणपण सुचलं. घर पडू नये यासाठी एक कायदा, माणूस आजारी पडू नये यासाठी दुसरा. हे सांगताना काकांचा चेहरा असा फुलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, तो ठराव यांनीच मांडला असणार. "जगातले निम्मे घोळ फाइल एकत्र ठेवल्यामुळे होतात," हे त्यांचं शेवटचं वाक्य. तोवर समोर बसलेल्याची गुलाबजामची वाटी रिकामी झालेली असते.

प्रबंध मात्र पूर्ण झाला नाही. तो खिडकीवर अडला. खिडकी भिंतीत असते म्हणून ती इमारत, पण तिच्यातून हवा-उजेड येतो म्हणून आरोग्य. तिला कुठल्या प्रकरणात घालावं हे काकांना काही केल्या ठरवता येईना. तेवढ्यात गाईड रिटायर झाले, स्कॉलरशिप संपली, मुलीचा, स्नेहलचा, जन्म झाला, आणि काकांनी टाउनशिपमध्ये लोकांच्या घरांचे नकाशे तपासायची नोकरी धरली. प्रबंधाचं काय झालं असं कोणी विचारलं तर ते अजूनही सांगतात, "खिडकी सोडून सगळं झालेलं आहे."

काकू नागपुरात नर्स होत्या. इथं येऊन परीक्षा दिल्या आणि त्याच टाउनशिपच्या हेल्थ डिपार्टमेंटला इन्स्पेक्टर झाल्या, काकांच्या खात्याच्या अगदी वरच्या मजल्यावर. सकाळी दोघं एका गाडीतून यायचे आणि जिन्यापाशी एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणून वेगळे व्हायचे. एकदा एक मिठाईवाला नव्या किचनचा नकाशा घेऊन काकांकडे आला. जाता जाता म्हणाला, फ्रीझरचं तेवढं भाभीजींच्या कानावर घाला. काकांनी त्याला विचारलं, "कोण भाभीजी? वर मिसेस मेश्राम म्हणून इन्स्पेक्टर आहेत, त्यांची अपॉइंटमेंट घ्या." हा किस्सा मला काकूंनीच सांगितला, आणि तो सांगताना त्या हसून हसून लाल झाल्या होत्या.

रिटायर झाल्यावर खाती घरात आली. छप्पर, नळ, दारं, बर्फ काढणं हे काकांचं. स्वयंपाक, दुखणी, डॉक्टर, औषधं हे काकूंचं. काकूंच्या स्टुलाचा पाय हलायला लागला तर त्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, "बिल्डिंग डिपार्टमेंट, कंप्लेंट आहे." काकांना गराजमध्ये काही लागलं तर ते रक्ताळलेलं बोट धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, आत बोलावेपर्यंत. बँडेजचा डबा हाताच्या अंतरावर असला तरी उघडायचे नाहीत. चौदा एप्रिलला विहारातल्या कार्यक्रमाला काकूंनी आम्हाला आग्रहानं नेलं होतं. विहार म्हणजे मंडळींनी मिळून घेतलेलं एक साधं घर. दाटी फार झाली आणि एक विद्यार्थी चक्कर येऊन खुर्चीवरून खाली पडला. सगळे त्याच्याकडे धावले, काकू तर सगळ्यांच्या पुढे. काका ती खुर्ची उलटी करून तिचे स्क्रू बघत होते.

मला वाटायचं, ही एक गंमत आहे, आणि दोघंही ती मजेनं खेळतात.

या जानेवारीत एका सकाळी काकांचा फोन आला. "माधवी, शालिनीचा डावा हात उचलला जात नाहीये," एवढंच बोलले. मी धावत गेले तोवर अँब्युलन्स दारात आली होती. काकूंना पॅरालिसिसचा झटका आला होता. जिवावरचं टळलं, बोलणं हळूहळू परतलं, डोकं तर पहिल्यासारखं लख्ख होतं, पण डाव्या अंगातली ताकद गेली. हॉस्पिटलमधून त्यांना जवळच्या एका रिहॅब सेंटरमध्ये हलवलं, जिथं व्यायाम देऊन माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं करतात.

तिथल्या लोकांनी सगळं स्पष्ट सांगितलं. काकूंना घरी सोडायचं तर घर तयार पाहिजे, आणि घरात त्यांना उठवणारं, बसवणारं, औषधं देणारं माणूसही तयार पाहिजे. दिवसा काही तास बाई ठेवता येईल, पण उरलेला वेळ घरच्यांचा. ते जमणार नसेल तर नर्सिंग होम, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांना कायमचं ठेवतात ते घर. स्नेहल टेक्सासहून, अर्विंगहून धावत आली, होती तेवढी रजा आईजवळ काढली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मी आईला अर्विंगला घेऊन जाते. बाबांना हे झेपणार नाही. ही कान्ट इव्हन फाइंड द थर्मामीटर." तिचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. पण विचारलं तर काकू नकारार्थी मान हलवत राहिल्या आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मला माझ्या घरी जायचंय."

घर तयार पाहिजे, हे काकांनी ऐकलं. त्यापुढचं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नसावं.

दुसऱ्याच दिवशी गराजमध्ये कागद पसरले गेले. दारापुढच्या पायऱ्यांवर उतार बांधायचा होता. काकांनी त्याचा नकाशा काढला, मग चष्मा बदलून स्वतःच तो तपासला आणि लाल शाईनं शेरे मारून स्वतःलाच परत पाठवला. उतार नियमापेक्षा किंचित उभा होता म्हणे. दुसरा नकाशाही नापास झाला. तिसरा पास झाल्यावर ते टाउनशिपमध्ये परमिटला गेले. बाथरूममधल्या धरायच्या दांड्यांना परमिट लागत नाही असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, तर घरी येऊन मला म्हणाले, "हल्ली डिपार्टमेंटचा दर्जा राहिला नाही." लुइस नावाचा सुतार कामाला होता. त्याला टाइल्स फोडून भिंतीच्या आत लाकडाचा आधार घालायला लावला, आणि दांडे बसल्यावर काका स्वतः प्रत्येकाला लोंबकळून आले. लुइस दारात उभा राहून हसू दाबत होता. पण काम मात्र देखणं झालं. दारं रुंद झाली, पलंग खालच्या खोलीत आला, आणि तो अशा जागी लावला की पडल्या पडल्या काकूंना मागचं अंगण दिसावं.

मग रिहॅबची थेरपिस्ट घर बघायला आली. केली तिचं नाव, तरुण, हसरी मुलगी. काकांच्या सांगण्यावरून मीही थांबले होते. काकांनी तिला उतार दाखवला, दांडे दाखवले, रात्रीचे दिवे दाखवले. केली म्हणाली, इतकं नीट तयार केलेलं घर मी आजवर पाहिलेलं नाही. काका खूश होऊन पाठ ताठ करून उभे राहिले.

मग तिनं विचारलं, त्यांना पलंगावरून खुर्चीत कोण घेणार?

"ती हेल्थ साइड आहे," काका म्हणाले.

केलीला वाटलं, एखादी एजन्सी असेल. तिनं विचारलं, कुठली? आणि काकांचं बोट सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. तिथं कोणी नव्हतं. दिवासुद्धा लावलेला नव्हता. काका बोट तसंच धरून उभे राहिले, मग त्यांनी हात खाली घेतला.

केलीनं गोळ्यांच्या वेळा विचारल्या. काकांना माहीत नव्हत्या. गिळायला त्रास होतो का, कातडीवर कुठे लाल डाग उठतात का, हेही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बोलणं संपवताना ती फार हळुवारपणे म्हणाली, की घर तयार आहे, पण घरी सोडता येईल असं मला आज लिहिता येणार नाही. त्या संध्याकाळी स्नेहलनं फोनवर सांगितलं, की ती आईच्या विमानाच्या तिकिटांचं बघते आहे. बाबांना सांगशील का, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, तूच सांग. तिनं सांगितलं, आणि काका "बरं" म्हणाले. एवढ्या बोलक्या माणसाचं ते नुसतं "बरं" मला अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर काका गराजमध्ये दिसेनासे झाले. सकाळी उठून रिहॅबला जायचे आणि दुपारी परतायचे. मला वाटलं, आता थोडेच दिवस उरलेत म्हणून काकूंजवळ बसत असतील. एका दुपारी मी डब्यात उसळ घेऊन त्यांच्या मागच्या दारानं आत गेले, तर खालच्या खोलीतून काकांचा आवाज येत होता. "शालिनी, पुढे झुक. घाई नाही. उजवा हात माझ्या खांद्यावर. पाय टेकले का नीट?" मला क्षणभर वाटलं, काकूंना घरी सोडलं की काय. दारातून डोकावले तर व्हीलचेअरमध्ये तांदळाचं पोतं बसवलेलं होतं. पोत्याला काकूंचा निळा स्वेटर घातला होता आणि कमरेशी रिहॅबमध्ये बांधतात तसा पट्टा. काका गुडघे वाकवून त्याला मिठीत घेत होते, उचलून वळत होते आणि पलंगावर अलगद टेकवत होते. टेकवल्यावर स्वेटर सारखा करत होते.

मी दिसल्यावर ते मुळीच ओशाळले नाहीत. "बरी आलीस," म्हणाले. "हे पोतं हलकं पडतं. शालिनीच्या मानानं काहीच नाही. तुझ्याकडे आणखी एक असेल तर दे."

मी घरी जाऊन दुसरं पोतं आणलं. आणताना मला हसू येत होतं, आणि अंगणात मधेच थांबून मी डोळे पुसले. मला या माणसाचा इतकी वर्षं आतून थोडा राग होता, हे मला तेव्हा कळलं. बायकोला कोणी असं खातं म्हणून वागवतं का, असं वाटायचं. आता तेच गृहस्थ रिहॅबमधल्या आयाबाईंच्या मागे मागे फिरून, उशी कुठे ठेवायची, घास केवढा द्यायचा, हे शिकून येत होते. शिकवायला अर्थात काकूही होत्या. पलंगावर पडल्या पडल्या त्या काकांच्या चुका काढायच्या आणि त्या दिवशीच्या तपासणीत काका पास की नापास हे आयाबाईंना सांगायच्या.

काकांनी केलीकडे आणखी एक संधी मागितली. स्नेहलला मी कसंबसं पटवलं, की त्याचा निकाल लागेपर्यंत तिकिटं काढू नकोस.

ठरल्या दिवशी आम्ही दुपारी रिहॅबच्या व्यायामाच्या हॉलमध्ये गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांच्या कपाळावर घाम होता. स्नेहल माझ्या फोनवर व्हिडिओत होती, ऑफिसातून, दार लावून. केलीनं औषधं विचारली. काकांनी सगळी सांगितली, नावं, वेळा, कुठली जेवणाआधी आणि कुठली नंतर. फोनमधून स्नेहल म्हणाली, "ओके, बाबा." मग केलीनं काकूंची व्हीलचेअर तिथल्या सरावाच्या पलंगाशेजारी आणली आणि काकांना खूण केली.

काका पुढे झाले, वाकले आणि थांबले. केली म्हणाली, अजून जवळ जा. ते थोडे सरकले. ती म्हणाली, तसं नाही, अगदी जवळ, मिठी मारल्यासारखं. काकांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी या दोघांना एकमेकांचा हात धरलेलाही पाहिला नव्हता. मी नजर फोनकडे वळवली, तर तिकडे स्नेहलही खाली बघत होती.

"पुढे झुक, शालिनी," काका म्हणाले. काकूंनी चांगला हात त्यांच्या खांद्यावर टाकला. काकांनी गुडघे वाकवले, श्वास घेतला आणि काकू उभ्या राहिल्या. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदाच उभं बघत होते. त्यांचं डोकं काकांच्या छातीशी आलं होतं.

केली म्हणाली, छान, आता वळून त्यांना पलंगावर बसवा. काका हलले नाहीत. तिनं पुन्हा सांगितलं. काका तिला इंग्रजीत म्हणाले, एक मिनिट द्या, ती उभी आहे.

मग काकूंचा अडखळता आवाज आला, छातीवर दाबलेला. "अहो, केवढं धडधडतंय तुमचं. गोळी घेता ना?"

काकांनी काकूंच्या कमरेचा पट्टा घट्ट धरला. काकूंनी पुन्हा विचारलं. लग्नानंतर कधीतरी काकांना ब्लडप्रेशर निघालं, तेव्हापासून त्याची गोळी रोज सकाळी काकूच त्यांच्या तळहातावर ठेवत आल्या होत्या.

"कुठं ठेवतेस ते मला माहीत नाही," काका हळूच म्हणाले.

"मी गेल्यापासून घेतलीच नाही? रोज येत होतात, विचारायचं ना."

"तू आजारी. तुला माझं काय विचारायचं?" आणि मग एकदम म्हणाले, "मला फार भीती वाटत होती शालिनी. घरात करमत नाही."

स्नेहल तिकडे रडायला लागली होती. केली घाबरून मला विचारत होती, त्यांना दुखतंय का, काय म्हणतायत त्या? मी तिला काकांच्या गोळीचं सांगितलं. काकांनी मग काकूंना व्यवस्थित वळवलं, पलंगावर बसवलं, पाय सारखे केले, पाठीला उशी दिली. एकही चूक झाली नाही. केलीनं तिथल्या तिथे त्यांना काकूंशेजारी बसवलं आणि ब्लडप्रेशरचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. मशीन गुरगुरत होतं तेवढा वेळ काकूंनी आपल्या चांगल्या हातानं काकांचं मनगट धरून ठेवलं होतं.

आकडे उमटले. काकूंनी मान पुढे काढून ते नीट वाचले. मग केलीकडे वळून, एकेक शब्द जुळवत, इन्स्पेक्टरच्या आवाजात त्या म्हणाल्या, "सेंड मी होम. ही इज नॉट वेल."